टाचणातल्या निष्पत्ती: विचारांच्या पातळ्या धरून एक घटक कसा आखायचा

पाठ टाचणाच्या, म्हणजे तासिकेच्या आखणीच्या वहीत निष्पत्ती (शिकल्यावर मुलाला काय करता यावं) म्हणून ‘विद्यार्थ्यांना बाष्पीभवनाची संकल्पना समजते’ असं लिहिलं की रकाना भरतो. अडचण येते ती घटक चाचणी काढायला बसल्यावर. या वाक्यावरून नेमका प्रश्न काय विचारायचा ते सुचत नाही, कारण ‘समजते’ हे डोळ्यांना दिसत नाही. मग पाठ्यपुस्तकातल्या स्वाध्यायाचे प्रश्न जसेच्या तसे उतरवले जातात, मुलं पाठ केलेली उत्तरं लिहितात, गुण चांगले पडतात आणि पुढच्या इयत्तेतले शिक्षक म्हणतात, ‘यांना काहीच येत नाही.’

हा लेख नव्याने रुजू झालेल्या आणि डी.एल.एड., बी.एड.चे सराव पाठ घेणाऱ्या शिक्षकांसाठी आहे. उदाहरण एकच घेतलं आहे, उच्च प्राथमिकच्या विज्ञानातला बाष्पीभवनाचा घटक. तो एकदा हाताखालून गेला की गणित, भाषा, परिसर अभ्यास कुठेही हीच रीत चालते.

आधी हे जवळ घ्या

- पाठ्यपुस्तक आणि त्या इयत्तेच्या, त्या विषयाच्या अध्ययन निष्पत्तींची यादी
- वार्षिक नियोजन आणि शाळेचं वेळापत्रक
- याच घटकावरच्या मागच्या एक-दोन चाचण्यांच्या प्रश्नपत्रिका
- मुलांच्या पाच-सहा उत्तरपत्रिका किंवा वह्या: दोन चांगल्या, दोन मध्यम, दोन अडखळणाऱ्या
- आखायला एक मोठा कोरा कागद आणि पेन्सिल (पहिला आराखडा पेनाने करू नका, तो खोडावा लागतोच)

उत्तरपत्रिका बहुतेक जण घेत नाहीत. त्या नक्की घ्या. मुलं कुठे अडतात हे पुस्तकातून कळत नाही, त्यांच्या चुकलेल्या ओळीतून कळतं.

१. सहा पातळ्या एकाच घटकावर लावून पाहा

शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली अमेरिकेत विचारांच्या सहा पातळ्यांची ही मांडणी प्रसिद्ध केली. तिची मूळ गरज परीक्षकांची होती. कोणता प्रश्न विद्यार्थ्याकडून नेमकं काय करून घेतो, हे सगळ्यांना एकाच भाषेत बोलता यावं म्हणून ती तयार झाली. २००१ साली लोरिन अँडरसन आणि डेव्हिड क्रॅथवोल यांच्या संपादनाखाली तिची सुधारित आवृत्ती आली. जुन्या नोट्समध्ये ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण, मूल्यमापन अशी नावं दिसतील. सुधारित मांडणीत ‘ज्ञान’च्या जागी ‘स्मरण’ आलं, ‘संश्लेषण’ ‘निर्मिती’ या नावाने शेवटच्या पायरीवर गेलं आणि मूल्यमापन त्याच्या खाली आलं. दोन्ही याद्या मिसळून वापरल्या की टाचणात गोंधळ होतो, म्हणून एकच धरा. पुढे सगळीकडे सुधारित यादी धरली आहे.

बाष्पीभवनावर त्या सहा पातळ्या अशा बसतात:

- स्मरण: बाष्पीभवनाच्या वेगावर परिणाम करणारे चार घटक सांगतो: पृष्ठभागाचं क्षेत्रफळ, तापमान, हवेतली आर्द्रता, वारा.
- आकलन: बाष्पीभवन आणि उकळणं यांतला फरक स्वतःच्या शब्दांत, घरातलं एकेक उदाहरण देऊन सांगतो.
- उपयोजन: न शिकवलेल्या प्रसंगात कोणता घटक काम करतो ते कारणासह लिहितो.
- विश्लेषण: प्रयोगाच्या नोंदी पाहून काय बदललं, काय तसंच ठेवलं हे वेगळं करतो आणि त्यातून निष्कर्ष काढतो.
- मूल्यमापन: दुसऱ्या गटाच्या प्रयोगातली त्रुटी दाखवतो आणि निष्कर्षावर विश्वास ठेवावा का, हे कारण देऊन ठरवतो.
- निर्मिती: वाऱ्याचा परिणाम तपासण्यासाठी स्वतःचा प्रयोग आखतो.

मोजपात्राचा आकडा वाचणं, प्रयोगाची आकृती काढणं या गोष्टी या सहांत बसवायचा अट्टहास नको. त्या हाताच्या कौशल्याच्या, म्हणजे क्रियात्मक क्षेत्रातल्या आहेत आणि त्यांचा रकाना ‘कौशल्य’ म्हणून वेगळा असतो. पुस्तकातली आकृती पाहून काढली तर ती निर्मिती होत नाही, मग ती कितीही सुबक असो.

२. तासिका मोजा आणि मग निष्पत्ती उचला

वार्षिक नियोजनात या घटकाला सहा तासिका असतील तर हाती पाच धरा. एखादी सुट्टी, स्पर्धा, बैठक किंवा लसीकरण त्या आठवड्यात येतंच. ३५ ते ४० मिनिटांच्या पाच तासिकांत सहा-सात निष्पत्ती नीट होतात. बारा लिहिल्या तर निम्म्या वहीतच राहतात.

अधिकृत यादीतली निष्पत्ती जाणीवपूर्वक व्यापक ठेवलेली असते. ‘प्रक्रिया व घटना यांचा कारणांशी संबंध जोडतो’ अशा स्वरूपाचं वाक्य वर्षभराचं असतं. तिला तासिकेच्या मापात फोडणं हे तुमचं काम. यादीतलं वाक्य आणि क्रमांक टाचणात वर लिहा आणि त्याखाली या घटकापुरती तुमची तीन-चार वाक्यं लिहा. केवळ वरचं वाक्य उतरवून थांबलात तर तासिका संपल्यावर काय झालं आणि काय राहिलं हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

३. वाक्य असं लिहा की दाखवून देता येईल

निष्पत्तीच्या वाक्याला चार गोष्टी लागतात: कर्ता विद्यार्थी असावा, क्रियापद एकच आणि दिसणारं असावं, कोणत्या परिस्थितीत ते सांगावं आणि कितपत जमलं म्हणजे पुरे ते ठरलेलं असावं.

हे वाक्य पाहा: ‘विद्यार्थ्यांना बाष्पीभवनावर परिणाम करणाऱ्या घटकांची माहिती देणे.’ इथे माहिती देणारे तुम्ही आहात. मूल काय करणार ते वाक्यात कुठेच नाही. दुरुस्त केल्यावर ते असं होईल: ‘पूर्वी न पाहिलेले चार प्रसंग दिल्यावर विद्यार्थी किमान तीन प्रसंगांत बाष्पीभवनाचा वेग बदलणारा घटक ओळखून एका वाक्यात कारण लिहितो.’ आता प्रश्नपत्रिका निम्मी तयार झालीच.

समजतो, जाणतो, परिचय होतो, अभिरुची निर्माण होते ही क्रियापदं या रकान्यात नकोत. सांगतो, ओळखतो, उदाहरण देतो, वर्गीकरण करतो, कारण लिहितो, चूक दाखवतो, आखतो ही चालतात. ‘सांगतो व लिहितो व तुलना करतो’ असं एका वाक्यात कोंबू नका. एक जमलं आणि दुसरं नाही तर नोंद काय करणार?

आणखी एक चूक वारंवार होते. ‘विद्यार्थी प्रयोग करतो’ ही निष्पत्ती नाही, तो उपक्रम आहे. प्रयोग केल्यावर मुलाला नवं काय जमू लागलं, ते लिहायचं.

४. पातळी क्रियापदावरून ठरवू नका

या लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच, म्हणून इथे जरा थांबू.

क्रियापदांचे तक्ते सगळीकडे मिळतात: ‘कारण सांगा’ म्हणजे विश्लेषण, ‘मत मांडा’ म्हणजे मूल्यमापन, असे. नवे शिक्षक ते तक्ते समोर ठेवून टाचण लिहितात आणि तिथेच फसतात. प्रश्नाची पातळी त्यातल्या शब्दावर अवलंबून नसते. ती ठरते एका साध्या तपासणीने: हे उत्तर मुलांनी आधी ऐकलं, वाचलं किंवा लिहून घेतलं आहे का? घेतलं असेल तर प्रश्न ‘का’ने सुरू होवो नाहीतर ‘विश्लेषण करा’ने, मूल फक्त आठवतं. तो प्रश्न स्मरणाचा.

‘उन्हाळ्यात माठातलं पाणी गार का होतं?’ हा प्रश्न घ्या. दिसायला कारणमीमांसेचा आहे. पण माठाचं उदाहरण तुम्ही फळ्यावर समजावलं आणि वहीत उत्तर दिलं असेल तर तो सरळ स्मरणाचा झाला. आता तोच माठ थोडा हलवा: ‘तोच माठ पावसाळ्यात पाणी तितकं गार का करत नाही?’ हे वहीत नाही. मुलाला हवा दमट असल्याचं लक्षात घ्यावं लागतं, दमट हवेत बाष्पीभवन मंदावतं हे जोडावं लागतं आणि बाष्पीभवन मंदावलं की पाण्यातली उष्णता कमी काढून घेतली जाते इथवर जावं लागतं. तीन पायऱ्या, तीन गुण.

उत्तरपत्रिकेत यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे ‘पावसाळ्यात ऊन नसतं म्हणून’. हे पूर्ण चूक म्हणून कापू नका. मुलाने तापमानाचा घटक धरला आहे, त्याला आर्द्रता सुचलेली नाही. म्हणजे उद्या त्याच्याशी कशावर बोलायचं ते तुम्हाला कळलं. ‘माठाला छिद्रं असतात’ एवढंच लिहिणारं मूल मात्र अजून पाठ केलेल्या वाक्यातच आहे. एका प्रश्नावर दोन मुलं दोन वेगळ्या ठिकाणी अडलेली दिसतात, आणि हे दिसणं हाच सगळ्या पातळ्यांचा उपयोग.

म्हणून प्रत्येक घटकासाठी एक-दोन उदाहरणं शिकवताना मुद्दाम राखून ठेवा. बाष्पीभवनासाठी मिठागर राखून ठेवता येतं: ‘रायगड-पालघरकडच्या मिठागरांत समुद्राचं पाणी खोल टाकीत न साठवता उथळ, पसरट वाफ्यांत का घेतात? पावसाळ्यात हे काम बंद का ठेवतात?’ मुलं किनाऱ्यावरची असतील आणि घरात हेच बोलणं चालत असेल तर त्यांच्यासाठी ते ओळखीचं ठरेल. तिथे कुरडया-पापडांचं किंवा बेदाण्याच्या शेडवर जाळ्यांवर पसरलेल्या द्राक्षांचं उदाहरण घ्या. सांगली-नाशिककडे उलट करा. वर्ग बदलला की पातळी बदलते, म्हणून दुसऱ्याच्या टाचणातले प्रश्न आहेत तसे उचलता येत नाहीत.

भाषेत हेच होतं. कवितेचा भावार्थ वहीत उतरवून घेतला आणि चाचणीत मागितला की ते स्मरण. न शिकवलेल्या कवितेतल्या दोन ओळी दिल्या तर आकलन. गणितात थोडा फरक आहे. शिकवलेल्या रीतीने आकडे बदलून उदाहरण सोडवणं हेही उपयोजनातच धरतात, पण कोणती रीत लावायची हे मुलाने स्वतः ठरवावं अशी उदाहरणं सोबत हवीत. ‘शेकडेवारी’ या मथळ्याखाली दहाच्या दहा शेकडेवारीचीच उदाहरणं असली की निवडायचं काही उरतच नाही.

५. आधी पुरावा, मग उपक्रम

निष्पत्ती लिहिल्यावर लगेच खेळ, चित्रफीत, प्रयोग शोधायला धावू नका. आधी त्या वाक्यासमोर एक प्रश्न किंवा कृती लिहा, जी जमली म्हणजे निष्पत्ती साध्य झाली असं तुम्ही मान्य कराल. उपक्रम त्यानंतर.

विश्लेषण आणि मूल्यमापनासाठी भांड्यांचा प्रयोग उत्तम आहे. साहित्य सोपं आहे: पसरट ताटली, पेला, अरुंद तोंडाची बाटली आणि १ मिलिलीटरच्या खुणा असलेलं १०० मिलिलीटरचं मोजपात्र. तिन्हींत ५० मिलिलीटर पाणी मोजून घाला, एकाच जागी उन्हात ठेवा, शाळा भरल्यावर, मधल्या सुट्टीत आणि सुटताना परत मोजा. खिडकीतल्या सावलीत ठेवलं तर दिवसभरात फारसं काही घडत नाही.

इथे काय बिघडतं ते आधीच माहीत असू द्या. कडक उन्हात पसरट ताटली मधल्या सुट्टीनंतर कोरडी पडू शकते, मग ‘किती वेळात किती’ हा आकडा हातचा जातो. म्हणून मधली नोंद चुकवू नका. बाटलीतला फरक एका दिवसात मोजपात्रावर दिसेलच असं नाही. मुलं ‘बाटलीत बाष्पीभवन होत नाही’ असं लिहून मोकळी होतात. ती बाटली आठवडाभर ठेवा.

तिसरी गोष्ट फार मोलाची. ताटलीतलं पाणी मोजपात्रात ओतताना थोडं ताटलीलाच चिकटून राहतं. ते पाणी उडालेलं नसतं, पण नोंदीत उडालेलं दिसतं. हे तुम्ही आधी सांगू नका. नोंदी फळ्यावर लिहा आणि विचारा, ‘या आकड्यांवर पूर्ण विश्वास ठेवायचा का?’ एखादा गट ताटली तिरकी धरून थेंब दाखवतो. तो क्षण मूल्यमापनाच्या पातळीचा असतो, आणि त्यासाठी वेगळी कार्यपत्रिका लागत नाही.

निर्मितीचा पुरावा असा घ्या: ‘वाऱ्यामुळे कापड लवकर वाळतं का, हे तपासायचं आहे. साहित्य, कृती आणि काय सारखं ठेवाल ते लिहा.’ दोन सारखे रुमाल, दोन्हींत सारखंच पाणी, दोन्ही सावलीत, एक पंख्याखाली, अशी आखणी आली की जमलं. एक रुमाल उन्हात आणि दुसरा पंख्याखाली ठेवला तर दोन घटक एकदम बदलले. अशा वेळी चूक सांगण्याऐवजी विचारा, ‘उन्हातला आधी वाळला तर तुझं उत्तर काय?’ ‘बाष्पीभवनावर तक्ता बनवा’ हा मात्र निर्मितीचा पुरावा नव्हे. तक्त्यावर बहुधा पुस्तकातला मजकूर रंगीत अक्षरांत येतो.

६. चाचणीचा संविधान तक्ता भरा

प्रश्न सुचतील तसे लिहीत गेलात तर वीसपैकी चौदा-पंधरा गुण स्मरणाला जातात. म्हणून आधी संविधान तक्ता, म्हणजे कोणत्या पातळीला आणि उपघटकाला किती गुण याचा आराखडा. आडव्या ओळीत पातळ्या, उभ्या रकान्यांत उपघटक, चौकटीत गुण. २० गुणांसाठी पहिल्या खेपेला ही वाटणी घेऊन पाहा:

- स्मरण ४
- आकलन ६
- उपयोजन ५
- विश्लेषण ३
- मूल्यमापन किंवा निर्मिती २

हा नियम नाही, सुरुवात आहे. वर्ग अगदीच कच्चा असेल तर आकलनाचे दोन गुण वाढवा, पण उपयोजन शून्यावर आणू नका. प्रयोगाची आखणी तोंडी किंवा गटात घ्यायची असेल तर ती आकारिक (शिकवता शिकवता होणाऱ्या) मूल्यमापनात नोंदवा आणि लेखी चाचणीतले दोन गुण विश्लेषणाला द्या.

तक्ता भरल्यावर प्रत्येक प्रश्नासमोर पायरी ४ ची तपासणी पुन्हा करा. वरच्या पातळीचा प्रश्न वर्गात सहज बोलताना सोडवून दिला गेला असेल तर तो खाली घसरला आहे. नवा घ्या.

मोकळ्या उत्तराच्या प्रश्नांना गुणदानाचे टप्पे प्रश्न काढतानाच लिहून ठेवा, माठाच्या प्रश्नाला केले तसे. तपासायला बसल्यावर ठरवू म्हटलं तर पहिल्या आणि चाळिसाव्या उत्तरपत्रिकेला वेगळा न्याय लागतो.

७. तासिकांत वाटा

पाच तासिकांची वाटणी साधारण अशी: पहिल्या तासिकेच्या सुरुवातीची दहा मिनिटं भांडी मांडण्यात जातील, उरलेला वेळ पूर्वज्ञान आणि बाष्पीभवन-उकळणं यांतला फरक. दुसरीत आदल्या दिवसाच्या नोंदी, चार घटक आणि प्रत्येकाचं मुलांनी दिलेलं उदाहरण. तिसरी अनोळखी प्रसंगांची, आधी जोडीत, मग एकट्याने. चौथीत नोंदींची झडती आणि रुमालाची आखणी. पाचवी पुन्हा मागे येण्यासाठी राखीव.

रोज सहाही पातळ्या चढायची गरज नाही. टाचणाच्या प्रत्येक पानावर सहा ओळी भरण्याची सवय काही ठिकाणी पडली आहे. एका तासिकेला दोन निष्पत्ती पुरतात. पातळ्या घटकभर वाटल्या जाव्यात, आणि त्या खालून वर एकेक करूनच याव्यात असंही नाही. ‘पावसाळ्यात धुणं दोन दोन दिवस का वाळत नाही?’ या प्रश्नाने घटक सुरू केला आणि व्याख्या तिसऱ्या दिवशी आली तरी काही बिघडत नाही.

वरचे प्रश्न फक्त ‘हुशार’ मुलांना विचारू नका. लिहायला अडखळणारं मूल घरच्या धुण्याबद्दल तोंडी फार नेमकं बोलतं. त्याचं बोलणं तुम्ही फळ्यावर लिहा आणि त्याच्या नावापुढे उपयोजनाची नोंद करा. लेखन कच्चं आहे ही वेगळी नोंद, ती भाषेच्या रकान्यात.

८. वर्ग गप्प बसला तर एक पायरी खाली या

मिठागराचा प्रश्न विचारला आणि कुणीच बोललं नाही, तर उत्तर सांगून टाकण्याचा मोह होतो. उत्तर सांगितलं की राखून ठेवलेलं उदाहरण वाया गेलं. त्याऐवजी खालच्या पातळीचा प्रश्न टाका: ‘तेवढंच पाणी खोल टाकीत भरलं आणि पसरट वाफ्यात भरलं, तर हवेला लागणारा भाग कुठे जास्त?’ तरीही शांतता असेल तर आणखी खाली: ‘ताटली आणि पेला यांत आधी काय सुकलं होतं?’ इथे हात वर होतात. मग त्याच वाटेने परत वर या आणि मिठागराचा प्रश्न पुन्हा विचारा. परत वर यायचं विसरू नका, बहुतेक तासिका खालच्या प्रश्नावरच संपतात.

टाचणाच्या समासात कोणत्या प्रश्नावर किती खाली यावं लागलं ते त्याच दिवशी दोन शब्दांत लिहा: ‘मिठागर, दोन पायऱ्या’. पुढच्या वर्षी हाच घटक आखताना वहीतलं हे पान आधी उघडा.